अमावास्या सोडून

नेदरलँड्समध्ये आठवड्याचे पाचही दिवस नोकरी करणाऱ्या माणसाकडे लोक जरा काळजीनेच बघतात. याचं घरी काही बिनसलंय का, याला एखादा छंद नाही का, असं त्यांना वाटत असावं. योगिनीचं ऑफिस स्लोटरडाइक स्टेशनसमोरच्या काचेच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर होतं. रेल्वेगाड्यांची वेळापत्रकं बसवण्याचं काम तिथे चाले. तिच्या विभागात अकरा माणसं होती आणि अकराच्या अकरा जण एका दिवशी हजर, असा योग खग्रास ग्रहणाइतका दुर्मीळ. कोण कधी नसतं ते सगळ्यांच्या सामायिक कॅलेंडरवर लिहिलेलं असे. पीटर बुधवारी मुलांना सांभाळायचा, एक बाई सोमवारी मातीची भांडी करायला जायच्या, एकाचं शुक्रवारी भजनी मंडळासारखं काहीतरी होतं, आणि योगिनीच्या नावापुढे दर गुरुवारी एकच शब्द असायचा. उड्डाण.

या शब्दाचं ऑफिसात कुणालाच काही वाटत नसे. योगिनी आठवड्यातला एक दिवस हवाई दलाचं हेलिकॉप्टर उडवते ही गोष्ट त्यांच्या लेखी भांडी घडवण्याच्या पंक्तीतली होती. उलट दक्षिणेकडच्या तळावर, जिथे ती राखीव वैमानिक होती, तिथल्या लोकांना स्लोटरडाइकची नोकरी हा तिचा छंद वाटायचा. दोन्हीकडे तिचं खरं काम दुसरीकडे आहे असाच समज होता. तिला स्वतःला कधी कधी वाटायचं, आपलं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. पण गुरुवारी सकाळी उइटहॉर्नच्या घरातून गाडी बाहेर काढली की हे वाटणं पहिल्या सिग्नलपाशीच गळून पडायचं. बाकीचे चार दिवस ती चांगली नोकरदार होती. गुरुवारी ती आनंदात असायची.

योगिनी तीन वर्षांची असताना वडिलांच्या नोकरीमुळे अ‍ॅमस्टेलव्हीनला आली, इथेच वाढली, इथली नागरिक झाली आणि घरच्यांनी डोक्याला हात लावलेला असताना हवाई दलात शिरली. मावसबहिणीच्या लग्नासाठी पुण्याला गेली तेव्हा तिला ओमकार भेटला. तो कॉलेजात गणित शिकवायचा. पुढे दोघांचं ठरलं आणि ओमकारच बायकोच्या परवान्यावर, डिपेंडंट म्हणून इकडे यायचा होता. पुण्यात नातेवाइकांना चघळायला सहा महिने पुरेल एवढा विषय झाला.

लग्न ठरवायला योगिनी सहकारनगरच्या घरी गेली तेव्हा आत्या-मावश्या स्वयंपाक येतो का वगैरे प्रश्न घेऊन सज्ज होत्या. ओमकारच्या आईंनी, वसुधाबाईंनी, त्यांना बोलूच दिलं नाही. त्या नुकत्याच वेधशाळेतून निवृत्त झाल्या होत्या. तीस वर्षं हवेचे नकाशे काढून विमानतळांना अंदाज कळवणारी बाई. त्यांनी होणाऱ्या सुनेला विचारलं की तुमचं हेलिकॉप्टर आडवा वारा किती सोसतं. योगिनीने सांगितलं. त्यांनी मान डोलावली, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या की माझी एकच अट आहे. अमावास्येला उडायचं नाही. तेवढा दिवस सोडून काय ते कर.

सगळे चाट पडले. या बाई शनिवारी नखं कापायच्या, ग्रहणात पोहे करून खायच्या आणि मांजर आडवं गेलं तर त्याला बिस्किट द्यायच्या. योगिनीला अमावास्या म्हणजे नेमकं काय हे ओमकारला हळूच विचारावं लागलं. महिन्यातून एकदाच येते असं कळल्यावर आपण स्वस्तात सुटलो असं तिला वाटलं आणि तिने शब्द दिला.

शब्द दिला तो पाळला, हे मात्र तिचं वैशिष्ट्य मानलं पाहिजे. इथून पुण्याला काय दिसणार होतं? पण वसुधाबाई दर डिसेंबरात पोस्टाने मराठी दिनदर्शिका पाठवायच्या आणि तिच्यात बाराही अमावास्यांना लाल पेनाने गोल केलेला असायचा. डच लोक घरात वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. गणपतीचं चित्र असलेलं कॅलेंडर तिथे टांगणं शक्य नव्हतं, म्हणून ते फ्रिजशेजारी असायचं. दुधाचा खोका काढायला गेलं की लाल गोल समोर. योगिनी तळावर कुणाशी तरी पाळी बदलून घ्यायची आणि आपल्या सहनशीलतेचं मनातल्या मनात कौतुकही करायची. सासूबाईंची एक अंधश्रद्धा आपण किती समजूतदारपणे सांभाळतो, असं.

पूर्णवेळ नोकरीत होती तोवर काही अडलं नाही. महिन्यात उडायला वीस दिवस असले तर एक गेला काय नि राहिला काय. वैदेही दोन वर्षांची झाली तेव्हा तिने पूर्णवेळ काम सोडलं, स्लोटरडाइकची नोकरी धरली आणि तळावर राखीव म्हणून फक्त गुरुवार ठेवला. तिथून गाडी अडायला लागली. कारण अमावास्येचा हेलिकॉप्टरशी एक संबंध होता, आणि तो चहा पिताना शब्द देणाऱ्या मुलीच्या डोक्यात आला नव्हता.

रात्री उडणारे वैमानिक डोळ्यांवर एक प्रकारचे गॉगल लावतात. चांदण्याचा कणभर उजेडही ते मोठा करून दाखवतात. चंद्र असला की सगळं सोपं. खरी परीक्षा मिट्ट काळोखात, आणि तशा काळोखात दर वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबरात एकदा उडून दाखवल्याशिवाय रात्रीचं प्रमाणपत्र टिकत नाही. नेदरलँड्समध्ये उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत उजेड असतो. बाकीच्या वेळी हरितगृहांच्या दिव्यांनी आभाळ नारिंगी होतं. त्यामुळे काळोख हा माल इथे फार दुर्मीळ, तो मिळायचा अमावास्येच्या आठवड्यात आणि तोही दोनच संध्याकाळी, मंगळवारी आणि गुरुवारी. जास्त वेळा उडालं तर गावकरी आवाजाची तक्रार करायचे. मंगळवार पूर्णवेळ वैमानिकांनी भरलेला असायचा.

मागची पाच वर्षं कुठला ना कुठला गुरुवार अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे मिळून गेला होता. यंदा मात्र ग्रह फिरले. सप्टेंबरातला गुरुवार ऑफिसने खाल्ला. एक सहकारी आजारी पडली, साहेबीण मार्लूसने मागितला आणि योगिनीने भिडेखातर देऊन टाकला. ऑक्टोबरातला भाऊबिजेला आला आणि त्या दिवशी असं वादळ सुटलं की झाडं आडवी झाली, हेलिकॉप्टरं कसली उडतायत. उरला नोव्हेंबर. मुदत नोव्हेंबरअखेरपर्यंत होती आणि उपलब्ध गुरुवार एकच, वीस तारीख. फ्रिजशेजारी त्या चौकटीला लाल गोल होता.

तळावरची वेळापत्रकं वाउटर नावाचा ज्येष्ठ वैमानिक लावायचा. तीस वर्षं उडालेला, सरळ बोलणारा गृहस्थ. त्याने तिला बोलावून घेतलं आणि कागद समोर ठेवला. वीस तारखेला आलीस तर आलीस, नाही तर रात्रीचं प्रमाणपत्र गेलं, आणि ज्याला रात्री उडता येत नाही असा राखीव वैमानिक ठेवून आम्ही काय करू, असं त्याने विचारलं. करार डिसेंबरातच संपत होता. मग तो म्हणाला, "मी सहा वर्षांची वेळापत्रकं काढून बघितली. ज्या दिवशी चंद्र नसतो त्या दिवशी तू कधीच येत नाहीस. तुला अंधाराची भीती वाटते का?"

योगिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण उत्तर काय देणार? धार्मिक कारण आहे म्हटलं असतं तर वाउटरने ते मुकाट्याने एका रकान्यात भरून टाकलं असतं. पण सासूला दिलेला शब्द हा धर्म नव्हे, निदान कागदोपत्री तरी नव्हे. घरगुती कारण आहे, एवढंच ती म्हणाली. ते ऐकून वाउटरने ज्या समजूतदारपणाने मान हलवली त्याने तिला आणखीच राग आला. परत येताना रस्ताभर ती गाडीत एकटीच त्याला उत्तरं देत होती.

बरं, अट घालणारी व्यक्ती यंदा चार हजार मैलांवर नव्हती. वसुधाबाई दिवाळीला आल्या होत्या त्या जानेवारीपर्यंत राहणार होत्या. घरातली वरची खोली त्यांची, आणि दिनदर्शिकेसमोरची खुर्चीही.

त्या रात्री जेवताना योगिनी आणि ओमकार यांनी आईंसमोरच मसलत केली. ती अर्थातच डचमध्ये केली, कारण आईंना डच येत नव्हतं. ओमकार आता अ‍ॅमस्टेलव्हीनच्या इंटरनॅशनल शाळेत गणित शिकवायचा आणि वरणभात कालवताना त्याने दोन योजना मांडल्या. पहिली, आईला सांगायचं की ऑफिसात उशीर होणार आहे. दुसरी जास्त पुणेरी होती. अमावास्या ही तिथी आहे, तारीख नव्हे. ती पुण्यात गुरुवारी दुपारी सव्वाबाराला संपते, म्हणजे इथल्या घड्याळात सकाळी पावणेआठला. उड्डाण संध्याकाळी. म्हणजे योगिनी चक्क प्रतिपदेला उडणार, शब्द मोडण्याचा प्रश्नच कुठे येतो? हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर प्रमेय सिद्ध केल्याचं समाधान होतं. पलीकडे आठ वर्षांची वैदेही पोळीचा रोल करून खात होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची मात्र डचमध्येच. ज्या भाषेत आपण गुपित बोलतोय ती घरातल्या सगळ्यात लहान तोंडाची भाषा आहे, हे त्या दोन हुशार माणसांच्या काही लक्षात आलं नाही.

योगिनीला दुसरी योजना दोन दिवस फार आवडली. तिसऱ्या दिवशी आवडेनाशी झाली. शब्द चंद्राला दिला नव्हता, आईंना दिला होता. त्यांच्याच हातची आमटी खाऊन त्यांना घड्याळाच्या फरकात गुंडाळायचं हे तिला पटेना. पण विचारायचं तर त्या नाही म्हणाल्या तर? मग उरलेलं आयुष्य आठवड्याचे पाचही दिवस स्लोटरडाइकला गाड्यांच्या वेळा जुळवायच्या. वाईट काम नव्हतं ते. पण त्यात गुरुवार नव्हता. त्या आठवड्यात मार्लूसने पुन्हा गुरुवार मागितला, कारण डिसेंबरात नवं वेळापत्रक लागू व्हायचं होतं आणि सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. योगिनीने पहिल्यांदाच नाही म्हटलं. मार्लूसला त्याचं काहीच वाटलं नाही. मग शुक्रवारी सकाळी सातला ये, एवढंच म्हणाली. आपण उगाच सहा वर्षं भीड बाळगली हे योगिनीला तिथल्या तिथे कळलं आणि थोडा धीर आला.

रविवारी दुपारी ओमकार वैदेहीला पोहण्याच्या शिकवणीला घेऊन गेला. वसुधाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. योगिनीने खुर्ची ओढली, एक जुडी आपल्या पुढ्यात घेतली आणि मनात जुळवलेलं पहिलं वाक्य आठवू लागली.

"गुरुवारचं ना?" मान वर न करता वसुधाबाईंनी विचारलं.

तुम्हाला कसं कळलं, असं योगिनीने विचारलं. वसुधाबाईंनी शांतपणे खुलासा केला. वैदेहीने त्या चौकटीवर बोट ठेवलं होतं, मग हात डोक्यावर गरागरा फिरवून हेलिकॉप्टर करून दाखवलं होतं, आणि शेवटी ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली होती. एवढं डच मला येतं, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी चौकशी सुरू केली. ढग किती उंचीवर असतील, दवबिंदू किती अंशांवर, काळोखच कशाला लागतो, शेजारच्या सीटवर कोण. सगळी उत्तरं ऐकून घेतली. मेथीची एक पिवळी पडलेली काडी बाजूला टाकली आणि म्हणाल्या की थंडी कोरडी आहे, गुरुवारी धुकं नाही धरणार, जा.

जिन्यात अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि जमीनच लागावी, तसं योगिनीचं झालं. इतकी तयारी केली होती. तिला उगाच ओमकारची बाजू मांडावीशी वाटली. तिथी सकाळीच संपते वगैरे ती सांगायला लागली.

"ओमकारचं गणित बरोबर आहे," वसुधाबाई म्हणाल्या. "पण त्याची काही गरज नाही. अमावास्येला काही होत नसतं गं. तीस वर्षं मी हवामान सांगितलं. वारा विचारला, धुकं विचारलं, चंद्र कोणी कधी विचारला नाही."

"मग ती अट कशाला घातलीत?"

वसुधाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"मला म्हणायचं होतं, उडूच नकोस. ते म्हणायचा मला हक्क नव्हता आणि म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस. बरोबरच होतं तुझं. मग वाटलं, महिन्याचा एक दिवस तरी मागून घ्यावा. फोन वाजला तरी धसका बसणार नाही असा एक दिवस. मला भीती वाटते म्हणून दे, असं सांगितलं असतं तर तू हसून माझ्या पाठीवर हात फिरवला असतास आणि विसरून गेली असतीस. अमावास्या म्हटलं की आपल्याकडे कुणी वाद घालत नाही."

अकरा वर्षं योगिनी या बाईंच्या अंधश्रद्धेला मोठ्या मनाने सांभाळून घेत होती, आणि प्रत्यक्षात कोण कुणाला सांभाळून घेत होतं? बाकीच्या दिवसांचं काय, असं तिने विचारलं. बाकीचे दिवस जातात, वसुधाबाई म्हणाल्या. पूर्वी रोजच धाकधूक असायची, तू फक्त गुरुवार ठेवलास तेव्हापासून बरं आहे. गुरुवारी मी टीव्ही लावत नाही आणि संध्याकाळी तुझा मेसेज येईपर्यंत काही खात नाही. सोसायटीतल्या बायकांना वाटतं मी दत्ताचा उपास करते. त्यांनाही बरं वाटतं, मलाही सांगत बसावं लागत नाही.

योगिनीला मनापासून लाज वाटली. तिने घरी पोचल्याचे मेसेज कितीतरी वेळा जेवणं-बिवणं झाल्यावर, आठवलं तर, पाठवले होते. पुण्यात तेव्हा मध्यरात्र उलटलेली असायची. तिच्या तोंडून निघून गेलं की आई, मी सोडते हे सगळं.

त्याबरोबर वसुधाबाई भडकल्या. अकरा वर्षांत त्या सुनेवर पहिल्यांदा भडकल्या असतील. म्हणाल्या, "सोडतेस कशाला? भीती मला वाटते, ती माझी मी बघेन. तू सोडलंस तर ओमकार मला बोलणार नाही, तू बोलणार नाहीस, पण दर गुरुवारी हे घर सुतकात बसेल. मी बघितलंय तुला गुरुवारी सकाळी. गुणगुणत डबा भरतेस."

मग त्या उठल्या, हात पुसले आणि चष्मा नाकावर सरकवत दिनदर्शिकेपाशी गेल्या. त्यांनी पान उलटून डिसेंबर काढला.

"पण माझा दिवस मला पाहिजे. अमावास्या तू ठेव, तुमच्या कामाची आहे. मला पौर्णिमा दे. तेव्हा तुमच्या त्या चष्म्यांचं काही अडत नसेल."

योगिनीने जवळ जाऊन बघितलं. डिसेंबरातली पौर्णिमा चार तारखेला होती, गुरुवारी. त्या गुरुवारी एक खास उड्डाण होतं, किनाऱ्याने सरळ उत्तरेला, बेटांपर्यंत, भर दिवसा. वर्षभर ती त्याची वाट बघत होती. हे सांगावं असं क्षणभर तिच्या अगदी जिभेवर आलं. ते तिने गिळलं आणि दिली, म्हणाली. वसुधाबाईंनी लाल पेनाने चार तारखेला गोल केला, आणि दोघींनी उरलेली मेथी निवडून टाकली.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहालाच गडद अंधार होता. वाउटर स्वतः शेजारी बसला होता. गावांचे दिवे, हरितगृहं, हमरस्ता सगळं मागे पडल्यावर खाली एक ओसाड माळ आला आणि गॉगलमधून दिसणारं हिरवं जगही पुसट झालं. झाडांनी वेढलेल्या एका मोकळ्या तुकड्यात उतरून दाखवायचं होतं. पहिल्या खेपेला तिला उंचीचा अंदाजच येईना. अंधार एकसारखा होता, कुठे संपतो ते कळत नव्हतं. अकरा वर्षांत तिने इतका काळोख एकदाही बघितला नव्हता, आणि तिला भीती वाटली. अगदी साधी भीती. हेच बहुधा आईंना दर गुरुवारी वाटतं, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिने उतरायचा प्रयत्न सोडला, वर आली, पुन्हा वळसा घातला. दुसऱ्या खेपेला हेलिकॉप्टर गवतावर टेकलं. वाउटरने एकही चूक काढली नाही, म्हणजे त्याला आवडलं होतं.

परत आल्याआल्या तिने आधी घरी मेसेज केला. मग वाउटरने कागदावर सही केली आणि दोघं यंत्रातली पांचट कॉफी घेऊन उभे राहिले. चार डिसेंबरला मात्र मी येणार नाही, ती म्हणाली, आणि यापुढे कुठल्याच पौर्णिमेला येणार नाही. वाउटरने तिच्याकडे असं बघितलं की आता ही बाई उजेडालाही घाबरायला लागली की काय. या वेळी तिने घरगुती कारण वगैरे काही म्हटलं नाही. चहा, अट, लाल गोल, उपास, मेथी, सगळं सांगितलं. डचमध्ये सांगताना तिला मध्येच वाटलं की हे फार विचित्र ऐकू येत असेल. वाउटर हसला मात्र नाही.

"मी तीस वर्षं उडतोय," तो म्हणाला. "माझ्या बायकोने, इंगंने, मला असा एकही दिवस मागितला नाही."

"तू कधी विचारलंस तिला?"

वाउटरने आपला कप धुतला, मग तिचाही धुतला, आणि शुभ रात्री म्हणून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला योगिनी जांभया देत स्लोटरडाइकला हजर होती.

चार तारखेला आभाळ इतकं स्वच्छ निघालं की योगिनीला रडू यायचं बाकी होतं. असा दिवस या देशात डिसेंबरात सहसा मिळत नाही. ती घरी बसून कपड्यांच्या घड्या घालत खिडकीबाहेर बघत होती. दत्तजयंतीचा शिरा खाऊन, वर आणखी एक वाटी मागून घेऊन, वसुधाबाई सोफ्यावर आडव्या झाल्या त्या सलग अडीच तास झोपल्या. तोंड किंचित उघडं होतं आणि हलकं घोरणं चालू होतं. गुरुवारी दुपारी त्या अशा झोपतील असं योगिनीला कधी वाटलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने खिडकीकडे बघायचं सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात जानेवारीचं वेळापत्रक आलं. करार वाढला होता, आणि जानेवारीतली पौर्णिमा शनिवारी असल्यामुळे तिच्या नावापुढे सगळे गुरुवार होते. तिने सवयीने खाली बघितलं. वाउटरच्या नावापुढे मंगळवारच्या सगळ्या चौकटी रिकाम्या होत्या. तीस वर्षांत त्याने मंगळवार सोडल्याचं तळावर कुणाला आठवत नव्हतं.

संध्याकाळी तिने ते वसुधाबाईंना दाखवलं आणि इंगंबद्दल सांगितलं. वसुधाबाईंनी चष्मा लावून त्या रिकाम्या चौकटी बोटाने एकेक मोजल्या.

"चार," त्या म्हणाल्या. "बाई हुशार आहे. आणि मी बसले महिन्याचा एक मागत."

मग त्यांनी कागद सुनेच्या हातात परत दिला आणि फेब्रुवारीत किती गुरुवार येतात ते जरा बघून सांग म्हणाल्या.